कार्डावरचा रिकामा रकाना

लेकराच्या लसीचे कार्ड तुमच्या घरी कुठे असते? वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत ते ट्रंकेत असते. सात-बाराच्या उताऱ्याखाली, रेशनकार्डाच्या पिशवीत, चांगली घडी घालून ठेवलेले. जपून ठेवता हे चांगलेच आहे. पण हा लेख वाचून झाला की ते एकदा बाहेर काढा आणि उजेडात धरा. वरच्या रकान्यांत तारखा भरलेल्या दिसतील. जन्मल्यावरची, दीड महिन्याची, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची आणि नवव्या महिन्याची. त्याच्या खाली सोळा ते चोवीस महिन्यांचा भाग आहे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी लसीचा बूस्टर, पोलिओचा बूस्टर आणि त्यांच्याच सोबत 'जेई-२'. आज बोलायचे आहे ते या शेवटच्या रकान्याबद्दल.

जेई म्हणजे जपानी मेंदूज्वर. जिथे हा आजार आढळतो अशाच जिल्ह्यांत त्याची लस सरकारी वेळापत्रकात घातलेली आहे, आणि अमरावती जिल्हा त्यात आहे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. गावात त्याला कोणी बूस्टर म्हणतात, कोणी दुसरी सुई म्हणतात. नाव काहीही घ्या, पण ती सुई राहून जाते.

का राहून जाते हे गावात चार घरे फिरले की कळते.

"आमच्या पोट्टीले मागच्या साली टोचलं नं जी. आता कायले अजून?"

"चांगलं धावून राह्यलं लेकरू. उगाच ताप आनाचा अन् रात्रभर जागाचं."

"वावरात कापूस फुटला हाय, बाया भेटून नाई राह्यल्या. दिवस मोडून कोन नेईन तिले?"

या तिन्ही बोलण्यांत खोटे काही नाही. तान्हे लेकरू असते तेव्हा घरातल्या सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे असते. आजी तेल लावते, आशाताई दारी येते, तारीख चुकली तर शेजारीण आठवण करून देते. लेकरू चालायला लागले, भाकरीचा तुकडा हातात धरून ओसरीवर फिरायला लागले, की घराची चिंता संपते. त्याची माय पुन्हा वावरात जाऊ लागते. त्यातच बहुतेक घरी पुढची चाहूल लागलेली असते. नेमक्या याच वेळेला दुसरी सुई येते.

आता एक विचारतो. तुमच्या बैलांना दरसाल मृगाच्या आधी घटसर्पाची लस टोचून घेता की नाही? तेव्हा पशुवैद्यकाला कोणी "मागच्या साली तं टोचलं" असे म्हणत नाही. बैलाच्या बाबतीत आपल्याला पक्के ठाऊक असते की एकदा टोचलेले जन्मभर पुरत नाही. घरातल्या लेकराच्या बाबतीत तेवढाच हिशेब लावायचा आहे.

नाव जपानी, वस्ती आपल्याकडे

हा आजार जपानातून बोटीत बसून आला असे नाही. त्याची मोठी साथ तिकडे आधी ओळखली गेली म्हणून ते नाव चिकटले. १९२४ साली जपानात सहा हजारांवर माणसे या तापाने आजारी पडली. १९३५ मध्ये तिकडच्या शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू वेगळा काढला. आपल्या देशात तो आहे याचा पहिला पुरावा १९५५ साली तामिळनाडूत वेल्लोरच्या बाजूला मिळाला. त्या काळी पुण्याला विषाणू संशोधन केंद्र नुकतेच उघडले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. पुढे १९७३ साली बंगालमध्ये बांकुडा आणि बर्दवान जिल्ह्यांत मोठी साथ आली आणि मग हा आजार राज्याराज्यांत दिसू लागला. २००५ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशात गोरखपूरच्या पट्ट्यात जे झाले ते पुष्कळांना आठवत असेल. हजाराहून अधिक जीव गेले, आणि त्यांतली बहुतेक मुलेच होती. दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन, तीन-तीन लेकरे होती.

त्या साथीनंतर सरकारने लस आणायचे ठरवले. २००६ साली चार राज्यांतल्या अकरा जिल्ह्यांत एक ते पंधरा वर्षांच्या मुलांना मोहीम काढून लस दिली गेली. ती लस चीनमधून आणलेली होती. नंतरच्या वर्षांत एकेक जिल्हा वाढत गेला आणि लस नेहमीच्या वेळापत्रकात आली. पुढे आपल्या देशातही एक लस तयार झाली. कर्नाटकातल्या कोलारकडे १९८१ साली मिळालेल्या विषाणूपासून ती बनवलेली आहे.

आजार कसा असतो ते सांगतो. डास चावल्यानंतर पाच ते पंधरा दिवसांनी ताप येतो. डोके दुखते, उलट्या होतात. आधी वाटते साधा ताप आहे, उतरेल. पण एक-दोन दिवसांत लेकरू सुस्त पडते, हाक मारली तर ओळखत नाही, मान ताठ होते, झटके येऊ लागतात. विषाणू मेंदूवर गेलेला असतो. सगळ्यांनाच असे होत नाही हे मुद्दाम सांगायला हवे. विषाणू अंगात गेलेल्या सुमारे अडीचशे जणांत एखाद्यालाच असा गंभीर आजार होतो, बाकीच्यांना कळतही नाही. पण ज्याला होतो त्याच्यासाठी औषध नाही. ताप उतरवणे, झटके थांबवणे, श्वास चालू ठेवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. अशा आजारी पडलेल्या शंभरांतले वीस-तीस दगावतात. जे वाचतात त्यांतल्या तीस ते पन्नास टक्क्यांना कायमचे काहीतरी राहून जाते. हात लुळा पडतो, बोलणे जाते, झटके सुरूच राहतात, बुद्धी मागे राहते. असे लेकरू घरी आणल्यावर त्या मायचा पुढचा जन्म कसा जातो हे मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे.

मोठ्या माणसांपेक्षा लेकरांनाच तो का जास्त धरतो? जिथे हा विषाणू कायम फिरत असतो तिथे मोठ्यांच्या अंगात नकळत त्याची ओळख होऊन गेलेली असते. लेकराचे अंग कोरे असते.

आपल्याकडे धान कुठे?

हा प्रश्न अकोला-अमरावतीचा शेतकरी विचारणारच, आणि तो बरोबर आहे. पुस्तकात लिहिलेले असते की या आजाराचा डास धानाच्या बांधीत वाढतो. भंडारा-गोंदियाला ते लागू पडते. आपल्याकडे कपाशी, सोयाबीन, तूर, संत्रा. मेळघाटात थोडेफार धान. मग आपल्याला काय भीती?

डासाला धान नको असते, त्याला गवताळ साचलेले पाणी हवे असते. ते आपल्याकडे चिकार आहे. कालव्याच्या पाझराने कडेला झालेली डबकी, गाळ भरलेला नाला, गावाखालचे जुने तळे, पूर्णेच्या काठचे खोलगट रान, पाऊस उघडल्यावर वावराच्या धुऱ्याला आठ-पंधरा दिवस उभे असलेले पाणी. खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी खारे म्हणून शेततळी काढलेली आहेत. शेततळे करू नका असे कोणी शहाणा सांगणार नाही, पण काठाला गवत आणि शेवाळ वाढू दिले तर डासाला घर तयार होते.

हा डास घराच्या नालीतल्या नेहमीच्या डासापेक्षा वेगळा आहे. तो रानातला आहे. सूर्य बुडाल्यावर निघतो, रात्री चावतो, आणि माणसापेक्षा त्याला गुरे-डुकरे जास्त आवडतात. गुरांना चावला तर गुरांच्या अंगात विषाणू फारसा वाढत नाही. डुकराचे मात्र तसे नाही. डुकराला काही होत नाही, ते आपले उकिरड्यावर हिंडत असते, पण त्याच्या रक्तात विषाणू भरभरून वाढतो. तसेच बगळ्यांचे आणि ढोकरीचे. नांगराच्या मागे चालणारा बगळा आपल्याला शुभ वाटतो, त्याच्यावर राग धरायचे कारण नाही, पण विषाणूचे बिऱ्हाड त्याच्याकडेही असते. डास बगळ्याकडून डुकराकडे आणि डुकराकडून पुन्हा बगळ्याकडे हा विषाणू नेत असतो. माणूस त्या फेऱ्यात चुकून सापडतो. आजारी माणसाच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो की त्याला चावलेला डास पुढे कोणाला आजार देत नाही.

या गोष्टीतूनच लसीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची बाब निघते, आणि ती फारसे कोणी सांगत नाही. गोवर हा माणसाकडून माणसाला होतो. गावातल्या सगळ्या लेकरांना गोवराची लस झाली तर एखादे सुटलेले लेकरूही वाचते, कारण त्याच्यापर्यंत गोवर आणणारा कोणी उरत नाही. देवीचा रोग असाच संपला. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. पोलिओही तसाच गेला, शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला. मेंदूज्वरात हे चालत नाही. शेजारच्या दहाही लेकरांना लस झाली तरी तुमच्या लेकराला तिचा काडीचा उपयोग नाही. विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत आहे आणि तिथेच राहणार आहे. ज्याच्या दंडात सुई गेली तोच वाचतो. आंबराईत सगळ्यांनी राखण केली तर आपलाही आंबा राखला जातो, तसे इथे नाही.

आणि फवारणीने काम भागेल म्हणाल, तर नालीत टाकलेले औषध नालीतल्या डासाला लागते. कोसभर पसरलेल्या रानातल्या डबक्यांवर कोण औषध मारणार?

दोनदा का?

पहिल्या सुईने बऱ्याच लेकरांच्या अंगात ताकद येते. पण सगळ्यांच्या येत नाही. काही लेकरांच्या अंगी ती लस पहिल्या खेपेला लागतच नाही, जशी एकाच पोत्यातली सरकी पेरली तरी काही डोबे रिकामे राहतात. तिथे आपण खाडे भरतो. ज्यांच्या अंगी लागते त्यांच्यातही काहींची ताकद हळूहळू उतरते. दुसरा डोस दोन्ही कामे करतो. रिकाम्या डोब्यांत पुन्हा बी टाकतो आणि उगवलेल्याला जोर देतो. आपल्या देशात सुरुवातीला एकच डोस होता. इथल्या मुलांचा अनुभव पाहून २०१३ पासून दोन डोस ठरवण्यात आले.

ठरवले खरे, पण पुढे काय झाले? गोरखपूर भागात, जिथे या आजाराने एवढा कहर केला होता तिथेही, काही वर्षांनी पाहणी झाली. पहिला डोस मिळालेली मुले शंभरात पंचाहत्तरच्या आसपास निघाली. दोन्ही डोस पूर्ण झालेली निम्मीसुद्धा नव्हती. जिथे घरोघर मरण पाहिले तिथे ही गत, तर आपल्याकडची चिंता उगाच नाही.

आपल्या पंचांगाने हिशेब मांडला तर तारीख लक्षात ठेवायला सोपे जाते. हा आजार मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीच्या सुमारापर्यंत दिसतो. समजा लेकरू पोळ्याच्या सुमाराला जन्मले. त्याचे नऊ महिने रोहिणीच्या सुमारास भरतात, म्हणजे मृगाच्या आत पहिली सुई झाली पाहिजे. सोळा महिने तुरीच्या सोंगणीच्या वेळी भरतात. तूर घरी आली, हात थोडा मोकळा झाला, की दुसरी सुई. आखाजीला जन्मलेल्याचे सोळा महिने पोळ्याच्या आसपास भरतात, म्हणजे ऐन डासांच्या दिवसांत. त्याच्या बाबतीत एक दिवसही लांबवू नये. आणि चोवीस महिने उलटून गेले म्हणून आता काही उपयोग नाही असे समजून बसू नका. राहिलेली जेईची लस पंधरा वर्षांच्या आत देता येते. चार वर्षांचे असो की सहा वर्षांचे, कार्ड घेऊन सिस्टरकडे जा आणि "हिची दुसरी सुई राहिली" असे सांगा. पुढचे त्या पाहतील. पैसे लागत नाहीत.

सुईच्या दिवशी

लसीचा दिवस गावात ठरलेला असतो. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात. आशाताईला आदल्या दिवशी विचारून ठेवावे. एक गोष्ट लक्षात घ्या. या लसीची एक जात अशी आहे की ती पुडीच्या रूपात बाटलीत येते आणि तिथेच पाणी घालून तयार करतात. एका बाटलीत पाच लेकरांपुरती लस असते आणि तयार केल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकावी लागते. म्हणून सिस्टर "सकाळीच या" असे म्हणतात. दुपारी तीनला वावरातून येऊन दार वाजवायचे आणि लस नाही म्हटले की रागवायचे, असे होऊ नये. तसे एका लेकरासाठीही बाटली फोडायला हवी असाच नियम आहे. तेव्हा "पाच जमू द्या" म्हणून कोणी परत पाठवत असेल तर तुम्हीही गप्प बसू नका.

जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस डाव्या दंडात कातडीखाली देतात. मारलेल्या विषाणूची असेल तर मांडीत. त्याच दिवशी गोवर-रुबेला आणि त्रिगुणीही असते. "एका दिवशी इतक्या सुया?" म्हणून आजीबाई घाबरतात. वेगवेगळ्या जागी दिल्या तर काही बाधत नाही. उलट तीन चकरा वाचतात, आणि लेकराचे रडणेही एकदाच होते. लस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचे. रात्री थोडा ताप येईल, सुईची जागा दुखेल, लेकरू किरकिर करेल. बहुतेक वेळा तो ताप त्रिगुणीचा असतो. सिस्टरने दिलेले तापाचे औषध सांगितल्याप्रमाणे द्या आणि अंगावरचे पांघरूण कमी करा. सुईच्या जागी हळद, चुना, तेल काही लावू नका, चोळू नका.

शेंबूड आहे, थोडा खोकला आहे, लेकरू वजनाने कमी आहे, या कारणांनी लस टाळायची नसते. कमी वजनाच्या लेकराला तर ती जास्तच हवी. जोराचा ताप असेल, मागच्या लसीला अंगावर मोठी गांधी उठून श्वास लागला असेल, किंवा लेकराला कुठल्या मोठ्या आजाराची औषधे चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना सांगावे.

आता मेळघाटच्या बाजूचे सांगतो. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांतली कोरकू कुटुंबे पीक निघाले की खाली उतरतात. अचलपूर, अंजनगाव, वरुड-मोर्शीच्या बागांत, कुठे वीटभट्टीवर, कुठे हरभरा सोंगायला. होळीला परत जातात. सोळाव्या महिन्याचे लेकरू तेव्हा पाड्यावर नसते आणि जिथे असते तिथल्या आशाताईच्या यादीत त्याचे नाव नसते. तुमच्या वावरात असे कुटुंब कामाला असेल तर बागाईतदार भाऊंनो, लसीच्या दिवशी त्या बाईला अर्ध्या दिवसाची सुटी द्या आणि मजुरी कापू नका. लस घ्यायला त्याच गावचा रहिवासी असावे लागते असे नाही.

दुसरी अडचण माहेर-सासरची. लेक परतवाड्याला माहेरी बाळंत होते, पाच-सहा महिन्यांनी मूर्तिजापूरला किंवा अकोटला सासरी जाते, आणि कार्ड माहेरच्या ट्रंकेत राहते. जिल्हा बदलतो तेव्हा घोटाळा आणखी वाढतो. म्हणून लेकीची पाठवणी करताना साडी-चोळीबरोबर कार्डही तिच्या हातात द्यावे, आणि सासरच्या गावी पोचल्यावर तिथल्या सिस्टरला ते दाखवून जेईचे काय झाले, काय राहिले ते विचारून घ्यावे. ज्या जिल्ह्यात ही लस वेळापत्रकात नाही तिथून लेकरू आले असेल तर त्याची पहिली सुईही झालेली नसते. तेही सांगावे. आणि हे सारे काम बायकांनीच करायचे असे कुठल्या पोथीत लिहिले आहे? सोयाबीनवर कोणत्या तारखेला कोणते औषध मारले ते बापाला तोंडपाठ असते. लेकराच्या पाच तारखा काही जास्त नाहीत.

चांदीपुऱ्याचा ताप वेगळा

इथे एक खुलासा केला नाही तर लसीचे नाव उगाच खराब होईल. "लस दिली तरी मेंदूत ताप गेला" असे कधी कधी ऐकू येते. ते खरेही असू शकते, कारण मेंदूज्वर एक नाही. विदर्भात आणखी एक आहे आणि त्याला तर आपल्याच गावाचे नाव आहे. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रोग्यांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. त्याला चांदीपुरा हेच नाव मिळाले आणि आता जगभर ते चालते. बरीच वर्षे कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही. मग २००३ च्या उन्हाळा-पावसाळ्यात आंध्रात त्याने ३२९ मुलांना धरले आणि त्यांतली १८३ गेली. २००७ च्या पावसाळ्यात नागपूर विभागातली मुलेही त्यात सापडली. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा दिसला.

हा विषाणू डास नेत नाही, वाळूमाशी नेते. ती डासाहून पुष्कळ लहान असते, उडते कमी आणि उड्या मारल्यासारखी सरकते. मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात, शेणाच्या ढिगाजवळ राहते. चांदीपुऱ्यावर लस नाही. जेईची लस त्याला अडवत नाही. म्हणून भिंतीच्या भेगा लिंपून घेणे, घराला लागून असलेला शेणाचा ढीग दूर नेणे आणि लेकराला रात्री मच्छरदाणीत झोपवणे हाच त्यावरचा उपाय. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी कधी आत शिरते, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी मिळाली तर तीच घ्यावी.

चांदीपुऱ्याचा झपाटा फार मोठा असतो. सकाळी ताप आणि दुसऱ्या दिवशी सारे संपले, असेही झालेले आहे. तेव्हा नाव कोणते ते डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी एवढेच पाहावे: ताप आहे आणि सोबत झटके, किंवा वारंवार उलट्या, किंवा लेकरू गुंगीत आहे, ओळखत नाही, बरळते आहे. यातले एकही दिसले की १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. गाडी येईपर्यंत लेकराला कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी झाली तर श्वासात जात नाही. झटका चालू असताना तोंडात चमचा, पाणी, औषध काही घालू नये, कांदा किंवा जोडा हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कोमट पाण्याने अंग पुसावे. झटका किती वेळ चालला ते घड्याळात पाहून ठेवावे, डॉक्टर ते विचारतात.

धारणीला आणि अचलपूरला उपजिल्हा रुग्णालये आहेत. अमरावतीला इर्विन आणि अकोल्याला सर्वोपचार. जवळ असेल तिथे आधी न्यावे. भूमकाबाबांवर श्रद्धा असेल तर त्यांना बरोबर गाडीत घ्या, अंगारा वाटेत लावा, पण गाडी थांबवू नका. पोटावर डंबा देण्यात जो अर्धा दिवस जातो तो या आजारात परत मिळत नाही.

घराभोवतीच्या कामांबद्दल वेगळे लांबवत नाही. ज्या शेंडगावला गाडगेबाबा जन्मले त्या जिल्ह्याला झाडूचे महत्त्व मी काय सांगणार? फक्त दोन गोष्टी. गावात डुकरे पाळणारे असतील तर त्यांच्याशी भांडण न करता ग्रामसभेत बसून डुकरांची जागा वस्तीपासून दूर ठरवून घ्यावी, कारण त्यांचेही पोट त्यावर आहे. आणि शेततळ्यात, न वापरातल्या विहिरीत गप्पी मासे सोडावेत. ते डासाच्या अळ्या खातात. आरोग्य केंद्रात विचारले तर कुठे मिळतील ते सांगतात.

राहिला कार्डाचा प्रश्न. काहींचे कार्ड ट्रंकेत सापडणार नाही. पुरात भिजले असेल, उंदराने कुरतडले असेल, नाहीतर लेकरानेच फाडले असेल. त्यासाठी लाजून घरी बसू नका आणि पहिल्यापासून सगळे पुन्हा टोचतील अशी भीतीही धरू नका. पहिली लस जिथे झाली त्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये लेकराचे नाव आणि तारीख लिहिलेली असते. त्यावरून सिस्टर दुसरे कार्ड भरून देतात. जाताना लेकराच्या जन्माची तारीख आणि मायचा मोबाईल नंबर तेवढा सोबत असू द्या.